शालनच्या ट्रॅक्टरला खोदायचा हात

कोपरखैरणे,
१९ जानेवारी २०२५, रविवार

शालन,

आशीर्वाद देतो, पण राग गेलेला नाही हे आधीच सांगतो. संक्रांतीला गोड बोलायला म्हणून मी फोन केला आणि तू पाचव्या मिनिटाला तो कापलास. रेंज गेली असं आता म्हणू नकोस. रेंज जाते तेव्हा आवाज तुटत तुटत जातो, तुझा एकदम गेला. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही. बंडूचा टेम्पो तिकडून माल घेऊन वाशीच्या मार्केटला येतोच, जाताना रिकामा जातो, तो हे पोचवेल. उत्तर द्यायचं तर त्याच्याच हाती दे.

तर तुझ्या त्या बॅकहोचं. उलव्यात कोणीतरी आपल्या मिनी ट्रॅक्टरच्या मागं लावलेला खोदायचा हात विकायला काढलाय, तो तुला बंडूनं मोबाइलवर दाखवला आणि तू इकडं माझ्यामागं लागलीस, जाऊन बघ म्हणून. गेलो होतो गुरुवारी. अर्धी सुट्टी टाकून गेलो. भंगार आहे. लाल रंग मारलाय वरून, आत नुसता गंज. बूम, म्हणजे हाताचा मोठा दांडा, वाकलेला, नळ्यांतून तेल गळतंय. घेऊ नकोस.

आणि चांगला असता तरी घेऊ नकोस असंच सांगितलं असतं. पावणे एमआयडीसीत सव्वीस वर्षं फिटर म्हणून घासलीत मी, लोखंड मला कळतं. दाजी गेल्यावर तू तो मिनी ट्रॅक्टर चालवायला शिकलीस, मी चारचौघांत तुझं कौतुक केलं. पण आता त्याला हात लावायचा, मग पाय लावशील. कशाला? गावात नंदकिशोरचा जेसीबी आहे की. माझ्या रानात दरवर्षी मे महिन्यात एका फोनवर येतो, एका दिवसात सगळे चर काढून जातो. त्याच्या बकेटचे दात झिजले की मी इथून वेल्डिंग करून देतो, म्हणून गावात पहिला नंबर माझा. तुझं रान माझ्या रानाच्या खालीच, मधे एक बांध. माझं झालं की तुझ्यात उतरत असणारच तो. तुला गावातल्या गावात दिली त्याचा हाच तर फायदा.

सुनयनानं एक विचारायला सांगितलंय. दिवाळीला तू पिशवीभर आलं धाडलंस, तेही बोटाएवढं बारकं. एकराचं आलं करणाऱ्या बहिणीनं भावाला एवढंसं द्यावं, हे तिला बरं वाटलं नाही. मलाही नाही वाटलं.

मानसिंग

*

निंबाचीवाडी,
२७ जानेवारी

दादा,

नमस्कार. वाकून केलेला नाही, बसूनच केलाय.

फोन मी कापला. रेंज होती. "तुला त्यातलं काय कळतंय" असं तू म्हणालास, तिथं कापला.

आता तुझ्या गुरुवारचं. त्याच गुरुवारी बंडू मार्केट उरकून उलव्याला गेला होता, मीच धाडला होता. मशीनवाल्याचं नाव यशराज. तो म्हणाला, आठ दिवसांत मशीन बघायला चिटपाखरू आलेलं नाही. बंडूनं तीन फोटो काढून आणलेत. मशीन निळं आहे दादा. लाल नाही. लाल रंग तू कुठून आणलास? बूम सरळ आहे, मी फोटोवर पट्टी लावून बघितली.

मी इतकी चिडले की त्या दिवशी भाकरी करपल्या. खोटं बोलायचं तर फोनवर बोलायचं, वाऱ्यावर जातं. तू कागद घेतलास, पेन घेतलंस, वर तारीख घातलीस आणि बहिणीला खोटं लिहिलंस. शालन वाडीत बसलीय, तिला इकडचं काय दिसणार, असंच ना? अर्धी सुट्टी टाकली म्हणे. त्या अर्ध्या सुट्टीत काय केलंस तेही लिही एकदा.

मी तुला घेऊ का म्हणून परवानगी विचारली नव्हती. लोखंड तुला कळतं, म्हणून बघून सांग म्हटलं होतं. एवढंच काम. माझा ट्रॅक्टर लहान आहे, हा हात त्याला पेलेल का, वर्षभरात त्याचा उपयोग किती, हे मला इथं बसून कळत नाही. तू खरोखर जा, खाली वाकून बघ आणि मग नको म्हण. मी ऐकीन. न बघता म्हणालेलं ऐकणार नाही.

आल्याचं आत्ता लिहीत नाही. वहिनीला माझा नमस्कार सांग.

शालन

*

कोपरखैरणे,
२ फेब्रुवारी, रविवार

शालन,

गेलो नव्हतो. झालं समाधान? त्या गुरुवारी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह गेला होता, सेक्रेटरीनं मलाच पकडलं. फिटर राहतो म्हणजे सगळ्या बिल्डिंगचा नोकर. पण बहिणीनं बंडूकरवी माझ्यावर पाळत ठेवावी हे मला झोंबलं. सुनयना पत्र वाचून हसत बसली, ते आणखी झोंबलं.

आज गेलो. खरंच गेलो, सोबत सुनयना होती, हवं तर तिला विचार. आधी तो यशराज. पोरगा सरळ आहे. नव्या सोसायट्यांच्या बागा करायचं काम त्याचं. मी विचारलं, मशीन चांगलं तर विकतोस का? तर म्हणाला, आता उलव्यात बाग जमिनीवर राहिलीच नाही. बाग पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग. दोन फूट खोदलं तर खाली गाड्यांच्या टपावर जाऊ. म्हणून मशीन पडून आहे. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं.

मग त्यानं खोदून दाखवलं. शिऱ्यात चमचा घालावा तसा बकेट आत गेला. सुनयना लगेच, "घेऊन टाका." मी म्हटलं थांब. ती सगळी भरावाची जमीन, बाहेरून माती आणून ओतलेली. तिथं मी घमेल्यानंही खोदून दाखवीन. तुझ्या रानात खाली पिवळा मुरूम आहे. मी त्याला म्हटलं, तिकडं डोंगराच्या पायथ्याला चल, कडक जागेत चालवून दाखव. त्यानं चालवला. पहिल्या दणक्याला ट्रॅक्टरचं तोंड वर आलं. दुसऱ्याला अख्खा ट्रॅक्टर मागं ओढला गेला. खोदतो, पण दमानं, थोडं थोडं घेऊन.

मग मी खाली झोपलो. नवीन शर्ट होता, सुनयनाला विचार. नांगर जोडायच्या मागच्या लिंकेजवर नुसता टांगलाय तो हात. म्हणजे खोदायचा सगळा झटका जातो कुठं, तर थेट गिअरबॉक्सच्या कवचाला. तिथं मला केसाएवढी चीर दिसली. यशराजला दाखवली, तो पांढरा पडला. बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. तुझा ट्रॅक्टर त्याच मापाचा. दोन पावसाळ्यांत त्याचं कवच फुटेल आणि मग हातही गेला, ट्रॅक्टरही गेला. दाजींनी हौसेनं घेतलेली वस्तू आहे ती.

तर आता बघून सांगतो, हात चांगला आहे, पण तो लावायची पद्धत वाईट. आणि तुला वर्षाला काम किती? चर काढायचे चार दिवस, एखाद्या दिवशी शेणखताचा खड्डा. बाकी वर्षभर तो गोठ्याच्या कडेला गंजत उभा राहणार. चार दिवसांसाठी कोणी लोखंड पोसतं का? जेसीबी भाड्यानं घे. तो एका तासात करील ते या हातानं करायला तुला अर्धा दिवस पुरेल. नको घेऊस. या वेळी खरं लिहिलंय.

दादा

*

निंबाचीवाडी,
१० फेब्रुवारी

दादा,

या वेळी खरं लिहिलंस ते पहिल्या ओळीलाच कळलं. शर्टाचं वाईट वाटलं.

चीर बघितलीस, मुरूम धरून चालवायला लावलंस, हे मला सुचलंच नसतं. तुझं सगळं बरोबर आहे. एकच चुकलं. चार दिवसांचं काम, जेसीबी भाड्यानं घे, असं तू लिहितोस. मी घेत नाही असं वाटतं का तुला?

गेल्या वर्षीचं सांगते. मे महिन्याच्या विसाव्या तारखेला मी नंदकिशोरच्या दारात गेले. ओट्यावर तो चहा पीत बसलेला. मला बस म्हणाला नाही. "ताई, नंबर लागला की येतो." मी म्हटलं, कितवा? म्हणाला, लागला की कळेल. तुझ्या रानात तो चोवीस तारखेला आला. मी बांधावर उभी होते, मला वाटलं आता बांध उतरेल. संध्याकाळी दिवे लावून तुझ्या वरच्या वाटेनं निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत दारात गेले. परत नंबर. मग पाटलांच्या विहिरीचा गाळ, मग सरपंचाच्या मेव्हण्याचं पोल्ट्रीचं जोतं. मी आठ वेळा त्या ओट्यासमोर उभी राहिले दादा. आठ वेळा. तुझे दाजी होते तेव्हा एकदाही जावं लागलं नव्हतं, तेव्हा तो स्वतः विचारायला यायचा. बाई एकटी आहे, जाते कुठं, थांबेल, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. आणि मी थांबतेच, हे मला जास्त लागतं.

सतरा जूनला आला. तोवर लागण होऊन गेली होती, पाऊस सुरू होऊन दहा दिवस झाले होते, चर गवतानं बुजलेले आणि वाफ्यांत पाणी उभं. आल्याला पाणी उभं राहिलेलं चालत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. गणपतीपर्यंत पानं पिवळी, मग कंदाला सड. उपटलं की हातात नुसता वास यायचा. दिवाळीला तुला धाडलेली पिशवी म्हणजे एकरातनं निवडून काढलेलं चांगलं. बाकी बांधावर फेकलं. वहिनीला हे सांगायचं का नाही ते तू ठरव.

म्हणून हात पाहिजे. तासाचं काम अर्ध्या दिवसात होऊ दे, पण माझ्या दिवशी होऊ दे.

शालन

*

पावणे, जेवणाच्या सुट्टीत,
१३ फेब्रुवारी

शालन,

डबा उघडला नाही अजून. आधी तुझं पत्र वाचलं. त्या नंदकिशोरची ही हिंमत. माझ्या बहिणीला आठ वेळा दारात उभं केलं त्यानं? ज्याच्या बकेटचे दात मी फुकटात लावून देतो, ज्याच्या पोराला मी इथं खोली बघून दिली, तो माझ्या बहिणीला बस म्हणत नाही? आणि तू गप्प राहिलीस. एक फोन मला करायचा होतास. मी काय मेलो होतो का?

तुझं पत्र खिशात घालून आत्ता गेटबाहेर जाऊन फोन लावला. चांगला सोलून काढला त्याला. आधी "नाही तसं नाही भाऊ" करत होता. म्हटलं, शनिवारी सकाळी आठला जेसीबी माझ्या बहिणीच्या रानात पाहिजे, नाहीतर दात दुसरीकडनं लावून घे. तयार झाला. आलं काढून रान मोकळंच आहे तुझं, आत्ताच सगळे चर खोल करून घे. आणि इथून पुढं दरवर्षी तुझं आधी. बोलून ठेवलंय, आता टेन्शन नाही.

बघ, किती सोपं होतं. त्या निळ्या हाताचा विषय संपला. आता जेवतो.

दादा

*

निंबाचीवाडी,
१५ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

जेसीबी आला होता. मी परत पाठवला.

थांब, पत्र टाकू नकोस, पुढं वाच. सकाळी आठच्या आधीच आला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मानसिंगदादांचा फोन होता, ताईंचं आधी करायचं." मी विचारलं, आज खरा नंबर कुणाचा होता? तो परत वर चढायला लागला. मी परत विचारलं तेव्हा म्हणाला, सुंदराबाईचा. ओढ्याकडेची सुंदराबाई तुला आठवते ना, नवरा मुंबईला गेला तो आलाच नाही, ती. घरकुल मंजूर झालंय तिचं, पायाच्या खोदाईसाठी तीन आठवडे वाट बघतेय. आज गवंडी बोलावून ठेवला होता तिनं. जेसीबी तिच्या दारावरनं इकडं आला आणि ती दारात उभी राहून बघत होती. मी त्याला म्हटलं, आधी तिचा पाया काढ, आणि माझ्याकडं परत येऊ नकोस.

आता तुला जे कधीच लिहायचं नव्हतं ते लिहिते, कारण तू किती सोपं होतं असं लिहून मला लिहायला लावलंस.

नंदकिशोर माझ्याकडं उशिरा का येतो? कारण आधी तुझ्याकडं जावं लागतं. मग ज्याच्या ज्याच्याकडनं त्याला काही ना काही मिळतं, त्याच्याकडं. गावात तुझ्या त्या दिवसाला मानसिंगचा नंबर म्हणतात, वर्षाचा पहिला दिवस तो, सगळ्यांना ठाऊक. तू फोन करतोस आणि एका दिवसात तुझे चर मोकळे होतात. मग पाऊस पडला की तुझ्या रानातलं सगळं पाणी धडाधड खाली येतं. खाली कोण आहे? आधी तुझेही चर बुजलेले असायचे, पाणी तुझ्यातच मुरायचं, थांबत थांबत यायचं. आता तुझे मोकळे आणि माझे बुजलेले. तो चोवीस मेला तुझ्याकडं आला आणि सतरा जूनला माझ्याकडं, मधल्या सगळ्या पावसाचं पाणी तुझ्या रानाचं माझ्या आल्यात उभं राहिलं. माझं आलं नंदकिशोरनं सडवलं असं तुला वाटतं. त्यानं नुसता उशीर केला. पाणी तुझं होतं.

तू कधी विचारलं नाहीस, "शालन, तुझ्यात उतरला का गं तो?" लग्न होऊन मी या रानात आले त्याला तेवीस वर्षं झाली, एकदाही नाही. उतरत असणारच असं मनाशी धरून बसलास.

आणि आता एक फोन केलास की माझा नंबर पहिला. म्हणजे तू फोन करशील तोवर. तुझा त्याचा वाद झाला, तू रिटायर झालास, दात लावायचं बंद झालं की मी परत ओट्यासमोर. तुझ्या शब्दानं येणार असेल तर मला तो जेसीबी नको. सुंदराबाईच्या तोंडचा काढून मला दिलेला तर मुळीच नको.

मला राग आलाय दादा, आणि तो नंदकिशोरवर कमी आहे.

शालन

*

कोपरखैरणे,
६ एप्रिल, रविवार

शालन,

सात आठवडे झाले. बंडू दर खेपेला विचारायचा, पत्र आहे का, आणि मी त्याला नाही म्हणून हाकलायचो. पाडव्याला तुझा फोन आला तेव्हा सुनयनाला उचलायला लावला, मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. हे तुला कळलंच असेल.

आधी मी चिडलो. लई चिडलो. बहिणीसाठी गावाशी भांडलो आणि बहिणीनं मलाच आरोपी केलं, असं आठ दिवस सुनयनाला ऐकवत होतो. नवव्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही त्यांना कधी विचारलं होतं का, ते सांगा." मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूची? ती पीठ मळत राहिली. पण त्या दिवशी तिनं ती दिवाळीची पिशवी काढली. आलं केव्हाच संपलं होतं, रिकामी पिशवी तिनं घडी करून ठेवली होती. मला दाखवली आणि परत ठेवली. बोटाएवढं बारकं असं मी लिहिलं होतं ना. ते शब्द मला अजून आठवतात आणि आठवले की भर दुपारी वेल्डिंग करताना चूक होते.

पाणी माझं होतं. मी लिहून देतो, पाणी माझं होतं. चर काढले की पाणी कुठं जाणार, हे पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला कळेल, आणि मी वर्षानुवर्षं फोन करत बसलो. पहिला नंबर म्हणून मिशीला पीळ देत होतो. लाज वाटते. नंदकिशोरला परवा फोन करून सांगितलं, दात लावून देईन, पण रोखीनं, आणि माझा नंबर लागेल तेव्हाच ये. तो म्हणाला, भाऊ, तब्येत बरी आहे ना?

आता कामाचं. उलव्याच्या त्या हाताची जी अडचण होती, ती खांद्याची. लिंकेजवर टांगायचा नाही. खालून पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत लोखंडी चॅनलची फ्रेम घालायची आणि हात त्या फ्रेमला धरवायचा. मग झटका फ्रेम खाते, गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. अशी तयार फ्रेम तुझ्या ट्रॅक्टरच्या मापाची मिळत नाही. मी केली. शेठला विचारून पाच रविवार कारखान्यात गेलो. माप कुठनं घेतलं म्हणशील, तर बंडूनं. तू पोती भरत होतीस तेव्हा त्यानं ट्रॅक्टरखाली शिरून सुतळीनं मापं घेतली आणि सुतळीला गाठी मारून आणल्या. मागं तू त्याला माझ्यावर सोडला होतास, तेव्हा फिट्टंफाट.

तू हात घे. यशराजला सांगून ठेवलंय, दुसऱ्याला देणार नाही तो. घ्यायचा की नाही ते तुझं तू ठरव, मी आता घे पण म्हणत नाही आणि नको पण म्हणत नाही. चार दिवसांचा हिशेब मी घातला होता, तो तासांचा होता. ओट्यासमोरच्या आठ खेपा मी त्यात धरल्या नव्हत्या.

घेतलास तर ऐक. कडक मुरमात एका दमात खोल जाऊ नकोस. हाताच्या दोन्ही बाजूचे लोखंडी पाय जमिनीला नीट टेकल्याशिवाय लिव्हरला हात लावू नकोस. बांधाच्या अगदी कडेला उभा करू नकोस, कलंडेल. पिनांना रोज ग्रीस. नळी फुटली तर हातानं धरू नकोस, तेल कातडीत शिरतं, आधी इंजिन बंद. हे लिहिताना मी ओरडत नाहीये, फक्त सांगतोय.

दादा

*

निंबाचीवाडी,
११ मे, रविवार

दादा,

या वेळी वाकून नमस्कार.

हात आला, फ्रेम आली. हात माझ्या साठवलेल्या आणि दोन शेळ्यांच्या पैशांतला, फ्रेम तुझी. फ्रेम मी भाऊबीजेची ओवाळणी म्हणून धरलीय, दर वर्षीच्या साडीच्या बदली. उपकार म्हणून धरलेली नाही, हे लिहिलेलं बरं. बसवताना बंडूच्या सुतळीतली एक गाठ चुकलेली निघाली, एक भोक अर्ध्या बोटानं इकडं होतं. वेल्डरकडनं मोठं करून घेतलं. तुझी चूक नाही.

मशीन कसं आहे ते सांगते, कारण तू विचारशील. सावकाश आहे. नंदकिशोर तासात करतो ते मला जेवणापर्यंत पुरतं, तू म्हणालास तसंच. पहिल्या दिवशी एक पिन निसटली, दुसऱ्या दिवशी नळी ढिली होऊन लुगडं तेलानं भरलं. आधी इंजिन बंद केलं, काळजी करू नकोस. मान दुखते, सारखं मागं वळून बघावं लागतं. पण कवचाला रोज हात लावून बघते, चीर नाही. आणि मला कुणाच्या दारात जावं लागत नाही. घ्यायजोगं होतं का म्हणशील तर होतं. तासांत मोजशील तर नव्हतं.

पहिला चर कुठं काढला ते तुला कळायला हवं. तुझ्या बांधाच्या बुडाशी, माझ्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझ्या रानातलं पाणी आता त्यात पडतं आणि सरळ ओढ्याला जातं. तुला विचारलं नाही. माती तुझ्या बांधाला लावलीय, बांध पहिल्यापेक्षा रुंद झालाय. परवाच वळवाचा मोठा पाऊस झाला. मी पोतं डोक्यावर घेऊन जाऊन बघितलं. पाणी चरातनं गेलं, वाफ्यांत उभं राहिलं नाही. तिथं उभी राहून मी रडले, ते कुणी बघितलं नाही.

आता दुसरंच सुरू झालंय. बायका येतात. एकट्या बायका, म्हातारी माणसं, ज्यांचं कुणी मुंबईला फिटर नाही अशी सगळी. कुणाला संडासाचा खड्डा, कुणाला नळाची पाइप, कुणाला चर. डिझेल आणि माझी मजुरी देतात. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं नावं लिहिलीत, आलेल्या क्रमानं. सुंदराबाई पहिली, तिचा शोषखड्डा झाला. येईल त्याला आधी बसायला सांगते, मग नाव लिहिते.

काल तुझं रान वाट्यानं करणारा दिलीप आला. नंदकिशोरनं त्याला सांगितलंय की पाटलांचं झाल्यावर बघू. बिचारा ओट्यासमोर तीन खेपा घालून इकडं आलेला. म्हणाला, "ताई, आपल्याच रानाचं हाय, दादांचं. उद्याच्याला घ्या की." मी त्याला बस म्हटलं, चहा दिला आणि भिंतीवर तुझं नाव लिहिलं.

तुझा नंबर चौथा आहे दादा. गुरुवारपर्यंत लागेल. फोन करू नकोस.

शालन